घरामागच्या मेपलचं सिरप: पहिल्या सीझनसाठी

मेपल सिरप करायला जंगल लागत नाही आणि कारखानाही लागत नाही. घरामागे मेपलची दोन-तीन मोठी झाडं, एक ड्रिल, चार बादल्या आणि मोकळा शनिवार-रविवार एवढ्यावर भागतं. ऑन्टारिओ, क्वेबेकपासून व्हरमाँट, न्यू यॉर्क, मिशिगन, ओहायोपर्यंतच्या पट्ट्यात कितीतरी मराठी घरांच्या मागे अशी झाडं उभी आहेत. त्यांचा उपयोग मात्र ऑक्टोबरात फोटो काढण्यापुरता, आणि नंतर पानं गोळा करताना कुरकुर करण्यापुरता होतो.

आधी हिशोब करा

सिरप म्हणजे मेपलच्या बुंध्याला भोक मारून काढलेला आणि दाट होईपर्यंत आटवलेला रस. एक लिटर सिरपला साधारण ४० लिटर रस लागतो. शुगर मेपलच्या रसात साखर जेमतेम २ टक्के असते, बाकी जवळजवळ सगळं पाणी. तयार सिरपमध्ये साखर ६६ टक्क्यांच्या वर जाते. मधलं सगळं पाणी आपल्याला उडवायचं असतं. पुढचा प्रत्येक निर्णय, म्हणजे भोकं किती, भांडं कोणतं, चूल कुठे मांडायची, या एका आकड्यावरून ठरतो. अचूक अंदाज हवा असेल तर सिरपवाल्यांचा जुना नियम आहे: ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्केवारीने भागा. २ टक्के साखर असेल तर ४३ लिटर रस, दीड टक्का असेल तर ५७.

चांगल्या झाडाचं एक भोक सीझनभरात सुमारे ४० लिटर रस देतं, म्हणजे एका भोकाला एक लिटर सिरप धरून चाला. चार भोकं मारलीत की दीडशे लिटर रस आटवायची तयारी ठेवायला हवी. उत्साहाच्या भरात पहिल्याच वर्षी दहा भोकं मारली तर तिसऱ्या आठवड्यात रस अंगणात ओतून द्यायची पाळी येते. दोन ते चार पुरेत.

आणि पैसे वाचवायला हे करत असाल तर करू नका. एकट्या क्वेबेकमधून जगातलं सुमारे ७० टक्के मेपल सिरप येतं. त्यांची यंत्रं आधी पडद्यातून गाळून निम्म्याहून जास्त पाणी काढतात आणि मगच रस आगीवर चढवतात. प्रोपेनचं सिलिंडर जाळून आपण त्यांच्या भावाला पोचत नाही. घरच्या सिरपची चव आणि ते करण्यातली मजा, एवढ्यासाठीच हा उद्योग.

झाड ओळखणं

रस काढायची वेळ येते तेव्हा झाडावर एकही पान नसतं. म्हणून ओळख शरद ऋतूतच करून बुंध्याला रिबीन बांधून ठेवलेली बरी. शुगर मेपलचं पान म्हणजे कॅनडाच्या झेंड्यावर दिसतं त्या जातीचं: पाच टोकं, मधल्या खाचा गोलसर आणि कडा गुळगुळीत. रेड मेपलच्या पानाच्या कडेला करवतीसारखे बारीक दात असतात. सिल्व्हर मेपलच्या खाचा खूप खोल जातात आणि पानाची मागची बाजू चंदेरी दिसते.

शरद हुकला असेल तर फांद्या बघा. मेपलच्या फांद्या आणि कळ्या समोरासमोर फुटतात, एक इकडे एक तिकडे अशा नाहीत. मग टोकाची कळी बघा: तपकिरी आणि टोकदार असेल तर शुगर मेपल, लाल आणि गोलसर असेल तर रेड किंवा सिल्व्हर.

सगळ्यात गोड रस शुगर मेपलचा, त्याच्या बरोबरीने ब्लॅक मेपलचा. रेड, सिल्व्हर आणि मॅनिटोबा मेपल (अमेरिकेत याला बॉक्स एल्डर म्हणतात) यांचंही सिरप होतं, फक्त साखर कमी असल्याने जास्त आटवावं लागतं. शहरी वस्त्यांमध्ये नॉर्वे मेपल फार लावलेलं असतं. पान तोडलं की त्याच्या देठातून पांढरा चीक येतो, हीच त्याची खूण. त्यालाही भोक मारता येतं, पण शेजारी शुगर मेपल असेल तर याच्या नादी कोण लागतं!

आता जाडी. छातीच्या उंचीवर बुंध्याभोवती मोजपट्टी गुंडाळा. घेर किमान ९५ सेंटिमीटर हवा, म्हणजे व्यास फूटभर होतो. त्याहून बारीक झाड सोडून द्या. घेर १४५ सेंटिमीटरच्या वर असेल तर दोन भोकं चालतील. तिसरं नको, झाड कितीही थोराड दिसलं तरी.

दोन गोष्टी विचारून घ्या. घरासमोर फूटपाथलगतचं झाड बहुतेक वेळा नगरपालिकेचं असतं आणि कुंपणावरचं झाड शेजाऱ्याचंही असू शकतं. परवानगीशिवाय ड्रिल लावू नका. दुसरं, किडीसाठी बुंध्यात औषध टोचलेलं झाड असेल तर त्याचा रस पोटात जाऊ देऊ नका.

वेळ: महाशिवरात्र ते गुढीपाडवा

इंग्रजी कॅलेंडरात हा सीझन फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत येतो. आपल्या कॅलेंडरात लक्षात ठेवायचं तर महाशिवरात्रीच्या आसपास तयारी आणि पाडव्याच्या सुमारास गाशा गुंडाळणं. दक्षिणेकडे, ओहायोत वगैरे, थोडं लवकर, क्वेबेकमध्ये थोडं उशिरा. होळी बरोब्बर मधे येते, त्यामुळे अंगणात जाळ करायला निमित्त शोधावं लागत नाही. एकच खंत: आई-बाबा भारतातून येतात ते मे-जूनमध्ये, आणि तोवर सगळं संपलेलं असतं.

खरा मुहूर्त मात्र हवामानाच्या अंदाजात बघायचा. रात्री उणे ३ ते उणे ५ आणि दिवसा अधिक ४ ते ७ सेल्सिअस, असे सलग चार-पाच दिवस दिसले की भोकं मारा. दोन्ही बाजू लागतात, आणि त्याचं कारण कळलं की पुढे गोंधळ होत नाही. मेपलच्या खोडातल्या बारीक तंतूंमध्ये हवा कोंडलेली असते. रात्री गोठलं की ती आकसते, तंतूंमध्ये बर्फ धरतो आणि खोडात ओढ तयार होते. झाड मुळांतून पाणी वर खेचून घेतं. सकाळी ऊन लागलं की बर्फ वितळतो, हवा फुगते आणि आतला दाब बाहेरच्यापेक्षा वाढतो. खोडाला भोक असेल तर रस तिथून बाहेर पडतो. म्हणजे नुसती कडाक्याची थंडी कामाची नाही आणि नुसतं ऊनही नाही. आठवडाभर तापमान शून्याखाली राहिलं किंवा आठवडाभर शून्याच्या वर राहिलं, दोन्ही वेळा बादली कोरडी. अशा वेळी भोक बिघडलं म्हणून दुसरं मारायला धावू नका.

सामान

टोट्या (भोकात ठोकून बसवायच्या, यांतूनच रस बाहेर येतो) हार्डवेअरच्या किंवा शेतीच्या दुकानात, नाहीतर ऑनलाइन मिळतात. ५/१६ इंची घ्या, त्याच मापाचा ड्रिल बिट घ्या. जुन्या ७/१६ इंची टोट्या अजून मिळतात, पण लहान भोक झाड लवकर भरून काढतं आणि रसात फारसा फरक पडत नाही. टोटीला थेट बादली टांगता येते किंवा प्लास्टिकची नळी जोडून ती जमिनीवरच्या झाकणाच्या बादलीत सोडता येते. नवख्यांना मी नळीचीच पद्धत सुचवीन. पाऊस, बर्फ आणि पाखरं आत जात नाहीत, आणि वाऱ्याने बादली उडत नाही.

बादली खाद्यपदार्थांसाठीच्या प्लास्टिकची हवी. बेकरीत विचारलंत तर रिकाम्या बादल्या फुकटही मिळतात. लोणच्याची बादली घेऊ नका, कितीही धुतली तरी वास जात नाही. रंगाची किंवा केमिकलची तर नकोच. जुन्या बाजारात जस्ताच्या सुंदर मेपल-बादल्या दिसतात. त्यांच्या सांध्यांत शिसं असू शकतं, त्यामुळे त्या शोभेपुरत्याच ठेवा.

आटवायला पसरट, उथळ स्टीलचं भांडं लागतं. केटरिंगवाले बुफेत वापरतात ती लांबट चौकोनी ट्रे उत्तम. शिवाय प्रोपेनची शेगडी किंवा चूल, एक विश्वासाचा डिजिटल थर्मामीटर, मेपलसाठीच मिळणारं फेल्टचं (जाड, दाबलेल्या कापडाचं) शंकूच्या आकाराचं गाळणं आणि काचेच्या बरण्या. एवढंच.

भोक मारणं

जागा जमिनीपासून दोन ते चार फुटांवर निवडा. बर्फ साचलेला असेल तर तो धरून मोजू नका, नाहीतर बर्फ वितळल्यावर टोटी डोक्यावर राहते. वर मोठी फांदी किंवा खाली जाड मूळ असलेली बाजू चांगली वाहते. दक्षिणेकडची बाजू आधी तापते, म्हणून सुरुवातीला तिथे रस लवकर येतो.

बिट उकळत्या पाण्याने धुऊन घ्या. दीड इंचावर टेपचा तुकडा गुंडाळून खूण करा. ड्रिल किंचित वरच्या दिशेला धरा, म्हणजे रस उतारावर बाहेर येईल. एकाच दमात आत जा आणि फिरतं ठेवूनच बाहेर काढा. मागेपुढे हलवलंत तर भोक लंबगोल होतं आणि टोटीच्या कडेने रस गळत राहतो. बाहेर पडणारा भुसा बघा. तो फिकट पिवळसर, ओलसर असेल तर लाकूड जिवंत आहे. तपकिरी, कोरडा भुसा आला तर तो भाग मेलेला आहे, दुसरी जागा बघा. दिवस बरा असेल तर बिट बाहेर काढता काढताच भोकाच्या खालच्या ओठावर पहिला थेंब जमतो आणि सालीवरून ओघळू लागतो.

भोकात फुंकर मारू नका. तोंडातले जंतू आत जातात आणि भोक लवकर बुजतं. टोटी हातोडीने हलकेच ठोका. आवाज टकटक येत असतो, तो एकदम भरीव झाला की थांबा. आणखी एक ठोका म्हणजे सालीला उभी चीर.

रस गोळा करणं

रस पाण्यासारखा स्वच्छ दिसतो, चवीला पाणीच, पण मागून किंचित गोडसर. वाहत्या दिवशी एका भोकातून चार-पाच लिटर सहज येतो, दुसऱ्या दिवशी कदाचित पेलाभर. रोज संध्याकाळी बादल्या रिकाम्या करा, पातळ फडक्यातून काड्या-किडे गाळा आणि रस थंड ठेवा. हा रस दुधासारखा नासतो. ३-४ अंशांच्या खाली, सावलीत, बर्फात पुरलेल्या डब्यात ठेवला तर काही दिवस टिकतो. गढूळ झाला की समजा उशीर झाला. शनिवारपर्यंत थांबायचं असेल तर फ्रिजमधली एक फळी रिकामी करून घ्या.

सकाळी बादलीत वर बर्फाचा थर दिसला तर तो काढून फेका. गोठताना आधी पाणी गोठतं आणि साखर खालच्या रसात राहते, त्यामुळे तेवढं इंधन फुकटात वाचतं. ही युक्ती फार जुनी आहे. युरोपीय लोक येण्याच्या कितीतरी आधीपासून अनिशिनाबे आणि इतर मूळ रहिवासी या प्रदेशात मेपलचा रस आटवत आले आहेत. तेही बर्फ काढून टाकत, आणि तापवलेले दगड रसात सोडून तो उकळत. वर्षभर टिकावं म्हणून ते बहुतेक वेळा सिरपवर न थांबता साखरेपर्यंत जात.

आटवणं

घरात करू नका. ४० लिटर आटवायचे म्हणजे ३९ लिटर पाणी वाफ होऊन स्वयंपाकघरात फिरणार. भिंतींना घाम फुटतो, रंगाचे पापुद्रे निघतात, कपाटांवर चिकट थर बसतो आणि स्मोक अलार्म ओरडतो तो वेगळाच. काम अंगणात करा. प्रोपेनची शेगडी गराजमध्ये दार उघडं ठेवूनही चालवू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. लाकडावर करायचं असेल तर काँक्रीटचे ठोकळे तीन बाजूंनी रचून वर ट्रे बसेल अशी चूल मांडता येते. मात्र बऱ्याच गावांत उघड्यावर जाळ करायला परवाना लागतो, तो आधी विचारा.

उथळ भांड्याचं कारण सरळ आहे: पृष्ठभाग जितका मोठा तितकी वाफ जास्त. तोच रस उंच पातेल्यात घेतलात तर रात्र होईल. ट्रेमध्ये रस दीड-दोन इंच ठेवा. एका ट्रेमधून तासाला साधारण चार ते सहा लिटर पाणी उडतं, म्हणजे ४० लिटरला अख्खा दिवस लागतो. पातळी खाली गेली की नवा रस घाला, पण तो शेजारी दुसऱ्या भांड्यात कोमट करून घाला. गार ओतलात तर उकळी बसते आणि पुन्हा चढायला वेळ जातो. फेस वर आला की तुपाचे दोन थेंब टाका, लगेच खाली बसतो. इथले लोक लोणी वापरतात, तूप तेच काम करतं.

पहिले काही तास कंटाळवाणे जातात. पुस्तक वाचा, गप्पा मारा, चुलीत बटाटे-कणसं भाजा. ट्रेची पातळी इंचाच्या खाली मात्र कधीच जाऊ देऊ नका. एकदा तळाला लागलं की जळका वास सगळ्या घाण्याला लागतो आणि तो कशानेही जात नाही.

शेवटचा अर्धा तास

चाळीसचे तीन-साडेतीन लिटर झाले, रंग फिक्या चहासारखा आला की रस गाळून लहान पातेल्यात काढा आणि घरात गॅसवर आणा. इतपत वाफ घराला झेपते. इथून पुढे गॅसपासून हलायचं नाही, फोन आला तरी.

आधी शेजारी साधं पाणी उकळून त्यात थर्मामीटर बुडवा. तो नेमके १०० दाखवेलच असं नाही, कारण उंची आणि हवेचा दाब यांवर ते बदलतं. जो आकडा येईल त्यात ४ अंश मिळवा (फॅरनहाइटमध्ये ७). सिरप तयार होण्याचं तापमान तेच. समुद्रसपाटीला ते १०४ सेल्सिअसच्या आसपास येतं.

बराच वेळ काटा हलतच नाही, मग शेवटचे दोन अंश झपाझप चढतात. पातेल्यात बघत राहिलात तर ते दिसतंही. मोठे, फुटके बुडबुडे जाऊन बारीक, दाट, सोनेरी बुडबुडे येतात आणि अख्खा पृष्ठभाग एकसारखा वर उचलला जातो. याच वेळी तो उतू जातो, म्हणून पातेलं अर्ध्याहून जास्त भरलेलं नको. डाव बुडवून आडवा धरा. आधी थेंब थेंब पडतात. तयार झालं की दोन-तीन थेंब डावाच्या कडेला एकत्र येऊन छोट्या पडद्यासारखे लोंबतात आणि मग तुटतात.

आपल्या हाताला पाकाची सवय असते आणि इथेच ती आडवी येते. बोटांत एकतारी येईपर्यंत थांबलात तर सिरप पुढे गेलेलं असतं. गरम असताना ते पातळच वाटतं, गार झाल्यावर दाटपणा येतो. बोटांवर नाही, थर्मामीटरवर विश्वास ठेवा. एखादा अंश कमी राहिलं तर सिरप काही महिन्यांत आंबतं किंवा त्यावर बुरशी येते. जास्त झालं तर बरणीच्या तळाशी खडीसाखर धरते. ती चूक गोड असते, पोरं खाऊन टाकतात. दरवर्षी करणार असाल तर हायड्रोमीटर (दाटपणा मोजायचं साधन) घ्या, पहिल्या वर्षी अडत नाही.

गाळणं आणि भरणं

सिरपमध्ये वाळूसारखा बारीक गाळ तयार होतो. रसातले क्षार आटून बाहेर पडतात तो हा. अपायकारक नाही, पण दाताखाली कचकचतो. फेल्टचं गाळणं गरम पाण्यात भिजवून निथळू द्या आणि कडक गरम सिरप त्यातून ओता. गार झालेलं सिरप त्यातून उतरतच नाही. मलमलच्या फडक्यातून हा गाळ अडत नाही. फेल्ट नसेल तर सिरप रात्रभर उंच बरणीत ठेवा आणि सकाळी वरचं नितळ तेवढं हलक्या हाताने ओतून घ्या.

बरण्यांत भरताना सिरप ८२ ते ८५ अंशांवर हवं. गार झालं असेल तर पुन्हा तापवा, पण ९० च्या वर नेलं की गाळ परत धरतो. उकळत्या पाण्यातून काढलेल्या बरण्या काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि मिनिटभर आडव्या ठेवा, म्हणजे झाकणाची आतली बाजूही गरम सिरपने निर्जंतुक होते. बंद बरणी गार जागी वर्षभर राहते, उघडली की फ्रिजमध्ये.

सीझनच्या सुरुवातीचं सिरप फिकं सोनेरी आणि सौम्य होतं, शेवटचं गडद आणि दणकट चवीचं. दुकानात आता दोन्ही 'ग्रेड ए'च, फरक रंगाच्या नावात. फिकं ताज्या दह्यावर किंवा घावनावर छान लागतं. थालीपिठाबरोबर किंवा शिऱ्यात साखरेऐवजी गडदच हवं, फिकं तिथे हरवून जातं.

कधी थांबायचं

रात्री गोठणं बंद झालं, रस पिवळट दिसू लागला आणि फांद्यांवरच्या कळ्या फुगल्या की सीझन संपला. कळ्या फुगल्यावरच्या रसाच्या सिरपला एक विचित्र, नकोसा वास येतो. कितीही मोह झाला तरी तो रस आटवू नका, दिवसभराचं इंधन वाया जाईल.

टोट्या पकडीने किंवा हातोडीच्या मागच्या बाजूने सरळ ओढून काढा. भोक मेणाने, बुचाने, कशानेही बुजवू नका. झाड ते आतून बंद करून घेतं आणि दोन-तीन वर्षांत वरून सालही मिळते. भोकाच्या वर आणि खाली मात्र लाकडाचा एक उभा पट्टा कायमचा मरतो. म्हणून पुढच्या वर्षीचं भोक जुन्याच्या सरळ रेषेत मारू नका. सहा इंच बाजूला सरका आणि उंचीही बदला.

बादल्या, नळ्या, टोट्या कडक गरम पाण्याने घासून धुवा. साबण नको, प्लास्टिक आणि फेल्ट दोन्ही त्याचा वास धरून ठेवतात. फेल्ट पिळू नका, नुसतं निथळू द्या. सगळं उन्हात कडकडीत वाळवून झाकून ठेवा. नळ्यांमध्ये पाणी राहिलं तर फेब्रुवारीत आत काळी बुरशी निघते आणि त्या फेकून नव्या आणाव्या लागतात.